उलटं ओळखपत्र

सर्व्हर बदलला आणि एका सकाळी आमच्या ऑफिसातल्या सगळ्या फायली बेवारस झाल्या. मालकाच्या नावाच्या जागी ‘नोबडी’ दिसायचं आणि कुणालाच काही उघडता येईना. तेव्हा हैदराबादच्या मलकपेठहून एक कंत्राटी इंजिनिअर आला. ओढलेला चेहरा, गळ्यात उलटं फिरलेलं ओळखपत्र. एक कमांड दिली की हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचा, चटका बसल्यासारखा.

"मशीनकू नाम नक्को, नंबर होना," तो म्हणाला. "नामां दूसरी जगे से आते. वो रस्ताच टूट गया."

दुपारपर्यंत नावं परतली. एका फोल्डरपुढे मात्र नुसता नंबर राहिला. तो माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनंदाताईंचा. त्या वारल्या आणि तेरावं व्हायच्या आत ऑफिसनं त्यांचं खातं पुसलं. असल्या कामात आमचं ऑफिस फार तत्पर.

"मेरे नाम पे डाल दो," मी म्हणालो.

त्याचे हात मांडीवरच राहिले. "नाम तो तुमारे लोगां निकाल दिए, साब. नंबर तो रैने दो."

मी राहू दिला.

परवा पुन्हा तोच बिघाड झाला, पण या वेळी दुसराच इंजिनिअर आला. पहिल्यानं दुरुस्तीची रीत आमच्याच सर्व्हरवर लिहून ठेवली होती. नव्यानं नावं परत आणल्यावर ती फाईल मी उघडून दाखवली. तिच्यापुढेही नुसता नंबर होता.

"कंत्राट संपलं असेल, म्हणजे खातं गेलं," नवा म्हणाला. "नाव काय त्यांचं?"

मला फक्त ते उलटं ओळखपत्र आठवलं.