अर्धा बाजा

कुलूपकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण संग्रहालयात गेली कित्येक वर्षं त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि कोणी काही बघायला मागितलं की ठरलेलं उत्तर: "आज नाही जमायचं." पुढच्या दालनांत तीनशे वस्तू काचेआड ऐटीत बसलेल्या आणि मागच्या स्टोअरमध्ये नऊ हजार अंधारात पडलेल्या. लोकांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या वस्तू हौसेने आणून दिल्या, त्या पुन्हा कोणाच्या दृष्टीला पडल्या नाहीत. कोणी विचारायला आलंच तर काका म्हणायचे, "वस्तू कुठे पळून जातेय? आहे ती आहे." यात आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटत नसे. उलट अभिमानच होता. त्यांच्या स्टोअरमध्ये ना वाळवी, ना ओल, ना एक टाचणी इकडची तिकडे.

त्या नऊ हजारांतल्या निम्म्याहून अधिक वस्तूंवर त्यांच्या बायकोचं अक्षर होतं.

संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूवर नंबर घालावा लागतो. आधी पारदर्शक व्हार्निशचा बोटभर पट्टा, तो वाळला की त्यावर बारीक टाकाने आकडे, आणि वरून पुन्हा व्हार्निश. तोच नंबर नोंदवहीत. काकांचा हात तरुणपणापासूनच थरथरायचा, त्यांचे आकडे म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. म्हणून आधीच्या साहेबांनी जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना सुट्टीपुरतं बोलावलं. "दोन महिन्यांसाठी आले आणि यांच्या गळ्यात पडले," असं ती पुढे चारचौघांत सांगायची, आणि काका कानापर्यंत लाल व्हायचे. अंगठीच्या आतल्या बाजूला, कात्रीच्या पात्याच्या कडेला, कुठेही सांगा, तिचे आकडे मोत्याच्या दाण्यासारखे. सगळे तिला अक्षरवहिनी म्हणत. पहिल्याच दिवशी काकांनी तिला या धंद्यातला एकुलता एक नियम शिकवला होता: वस्तूवर आपण जे काही करू ते उद्या पुसता आलं पाहिजे.

सहा वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. डोक्यात गाठ निघाली आणि पाच महिन्यांत सगळं आटोपलं. काका तेराव्या दिवसाची वाट न बघता कामावर आले. घरात भिंती होत्या, इथे निदान तिचं अक्षर होतं.

तीन वर्षांपूर्वी एक म्हातारी शिंपीणबाई आली. जिन्याखालच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. तिला आपल्या भावाचा माउथ ऑर्गन बघायचा होता.

"सोळा वर्षांचा होता हो. तीन दिवसांच्या तापात गेला," ती म्हणाली. "बाबांना त्याच्या वस्तू घरात बघवेनात, म्हणून सगळं उचलून इथे दिलं. मी नऊ वर्षांची. मला कोण विचारतंय?"

"मग आता इतक्या वर्षांनी?"

"अर्धा माझा आहे तो." शिंपीणबाई हसली. "आमची भांडणं व्हायची ना, बाजा कोणी वाजवायचा म्हणून. तर दादाने खिळ्याने मधोमध रेघ मारली. म्हणाला, रेघेच्या अलीकडचा तुझा, पलीकडचा माझा. मी आपली माझ्याच चार सुरांत फुंकत बसायचे. मला न्यायचा नाही हो भाऊ, एकदा हातात धरायचाय फक्त."

नोंदवहीत बाजाचा नंबर होता बाविसशे सोळा. काकांनी बाविसशे सोळाची जागा बघितली, ती रिकामी. त्यांच्या उभ्या नोकरीत पहिल्यांदा एखादी वस्तू जागेवर नव्हती. "सापडला की कळवतो, मावशी," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले होते.

महिन्याभराने बाजा सापडला. न्हाव्याच्या सामानाच्या ट्रेमध्ये, दाढीच्या ब्रशशेजारी पडलेला, आणि त्यावर त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं: एकविसशे सोळा. ब्रशवरही एकविसशे सोळाच. वहिनींनी एक आकडा चुकवला होता, आणि काकांनी डोळे झाकून तो बाजा त्या नंबराच्या जागी ठेवून दिला होता. वहिनी चुकतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

जुन्या वस्तूंवरचे फिकट पडलेले नंबर वहिनी शेवटी शेवटी नव्याने घालत होत्या, त्यातलाच हा. काकांनी नोंदवहीत तो घातल्याची तारीख बघितली. गाठ कळण्याच्या पाच महिने आधीची. मग त्याच आठवड्यात घातलेले नंबर एकेक करून काढले. विसातले सात चुकलेले निघाले.

म्हणजे तेव्हापासूनच. ती तेव्हा म्हणायची, "अहो, आकडे नाचतात हल्ली डोळ्यांसमोर," आणि काका म्हणायचे, "चष्मा बदल, वय झालं तुझं." थट्टाच करायचे. लाकडातली कीड डोळ्यांना दिसायच्या आधी भुकटीच्या वासावरून ओळखणारा हा माणूस. बायकोच्या हातातून आकडे निसटत होते आणि हा ते ट्रेमध्ये नीट रचून ठेवत होता. काका स्टोअरमध्ये खालीच बसले आणि रडले, अगदी हुंदके देऊन.

आता करायचं ते सोपं होतं. कापसाचा बोळा, चार थेंब अ‍ॅसिटोन, जुना नंबर पुसायचा, नवा घालायचा आणि शिंपीणबाईला निरोप द्यायचा. पण चूक सांगितली की त्या सगळ्या वर्षाचे नंबर तपासायला निघणार, पुसले जाणार, आणि जो तो म्हणणार, वहिनींचा हात शेवटी गेलाच होता की. काकांचा धीर होईना. त्यांनी बाजा ब्रशमागे सरकवून ठेवला. वस्तू कुठे पळून जातेय, असं स्वतःलाच सांगितलं.

वर्षाने शिंपीणबाई आली. "सापडला का हो भाऊ?"

"शोधतोय, मावशी."

आणखी वर्षाने ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा चुकून मागच्या गोदामाच्या दारातून आली. काकांनी पुन्हा तेच सांगितलं, शोधतोय म्हणून. रेघेची गोष्ट तिने पुन्हा सांगितली. चहा संपेपर्यंत तीच गोष्ट, त्याच शब्दांत, अजून एकदा सांगितली. काकांची मान वर होईना, त्यामुळे त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हाताऱ्या माणसांचं असं व्हायचंच, एवढंच मनात आलं.

मग संग्रहालयावर नव्या मॅडम आल्या. पोरसवदा, भरभर बोलणाऱ्या आणि कुलपांशी उभं वैर असलेल्या. "काका, नऊ हजार वस्तू कोंडून ठेवायला आपण तुरुंग आहोत का?" त्यांनी स्टोअरची आतली भिंत पाडून काच बसवली, लांबलचक टेबलं मांडली. आता कोणीही यावं, चिठ्ठीवर नंबर लिहावा, हातमोजे घालावेत आणि हवी ती वस्तू समोर घेऊन बसावं. त्याआधी प्रत्येक वस्तू वहीशी ताडून बघायची होती. एक वस्तू, एक नंबर. शेल्फामागून शेल्फ पुढे सरकत होतं, आणि न्हाव्याचा ट्रे कधी येणार हे काकांना तोंडपाठ होतं.

तो मंगळवारी आला. दुपारी मॅडम जेवायला गेल्या की गुपचूप पुसून मोकळं होता आलं असतं, कोणाच्या बापाला कळलं नसतं. काकांनी बोळाही भिजवला होता. पण बाजा हातात घेतल्यावर ती रेघ अंगठ्याला लागली, आणि ते तसेच उठून मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. आजाराचं, सात नंबरांचं, शिंपीणबाईशी दोनदा खोटं बोलल्याचं.

मॅडमना रागवायला बहुधा जमलं नाही. "त्या वर्षाचे सगळे तपासावे लागतील, काका. चुकलेले पुसावे लागतील."

"मी पुसतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका."

पंधरा दिवस ते तेच करत होते. मॅडम म्हणाल्या होत्या, आधी फोटो काढून ठेवू, तसे काढलेही. पण फोटोला काय करायचंय? तिचा हात त्या धातूवर टेकला होता, त्या लाकडावर टेकला होता. एकदा बोळा फिरवला की आकडा विरघळून कापसावर नुसता निळसर डाग उरायचा. नियम त्यांनीच शिकवला होता तिला. तिने तो इतका नीट पाळला होता की कुठेही ओरखडासुद्धा मागे राहिला नाही. बाजाचा नंबर त्यांनी सगळ्यात शेवटी पुसला आणि आपल्या थरथरत्या हाताने बाविसशे सोळा घातला.

मग ते जिन्याखालच्या दुकानात गेले. दार बंद होतं. वरच्या मजल्यावर शिंपीणबाईची लेक भेटली.

"मशीन विकलं हो आम्ही," लेक म्हणाली. "आईचं आता काही खरं नाही. मला पण कधी ओळखते, कधी नाही. तुमच्याकडे यायची ना ती? घरी येऊन रोज सांगायची, शोधतायत म्हणून."

"रोज?"

"थांबलीच नाही. गेल्या थंडीपर्यंत तेच. मग ते पण विसरली." काकांचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "पण आणते मी तिला. कोण जाणे, बघून आठवेलही."

स्टोअर उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. लेकीने आईचे केस नीट विंचरून आणले होते. शिंपीणबाई पाहुण्यांकडे बसतात तशी टेबलाशी अवघडून बसली. हातमोजे घालायचा नियम होता. काकांनी ते बाजूला सारले, मॅडमनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. काकांनी बाजा तिच्या उघड्या हातांवर ठेवला.

तिने तो उलटासुलटा केला. घट्टे पडलेलं बोट रेघेवरून गेलं आणि पुढे सरकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कोणाचा हो हा?"

लेकीने खिडकीकडे बघितलं. काकांनी खुर्ची ओढली आणि तिच्याच शब्दांत तिला सगळं सांगितलं. सोळा वर्षांचा दादा. तीन दिवसांचा ताप. नऊ वर्षांची बहीण, तिला कोणी विचारलं नाही. खिळ्याने मारलेली रेघ, अलीकडचा तुझा, पलीकडचा माझा. ती आपल्याच चार सुरांत फुंकत बसायची. मग म्हातारपणी तीनदा आली, हा एकदा हातात धरायला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

शिंपीणबाई लहान मुलीसारखी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. तिने बाजा दोन्ही हातांनी, फार जपून, काकांच्या हातात परत दिला.

"अरेरे, बिचारी," ती म्हणाली. "मग दाखवलात ना हो तिला?"