मॉडर्न लाइफ आणि आमची भजनी मंडळी

आमच्या गावात रेफ्रिजरेटरवर चर्चा झाली ती वीज येण्याच्या कितीतरी आधी, आणि ती इंग्रजीत झाली.

गाव मुळशीच्या तळ्याकाठी. तळ्याचं पाणी घाटाखाली उतरायचं, तिथे त्याची वीज व्हायची आणि ती वीज मुंबईला जायची. आमच्या वाट्याला तळं आणि रॉकेलचा कंदील. चांगली भातखाचरं मामंजींच्या लहानपणीच पाण्याखाली गेलेली. त्यामुळे घरटी एक गडी मुंबईला, हा गावचा रिवाजच झाला होता. माझे थोरले दीर गोदीत होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. उरलेलं वर्षभर जाऊबाई एस. टी. जिथे थांबायची त्या आंब्याखालून उगाचच पाणी आणायच्या. विहीर खरं तर दुसऱ्या बाजूला होती.

माझं लग्न होऊन दुसरंच वर्ष. आता आमच्या ह्यांनाही दिरांनी बोलावलं होतं. मी कुणाला बोलले नाही, पण मला आंब्याखालून पाणी आणायचं नव्हतं.

तेवढ्यात बातमी आली. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला साहेब लोकांचा बंगला होता. मुंबईचे पाहुणे, कधीकधी परदेशी इंजिनियर तिथे येऊन राहायचे. त्या बंगल्यावर व्यवस्थेला माणूस हवा होता. पगार बरा, रोज संध्याकाळी घरी. फक्त एक अट : पाहुण्यांशी थोडंफार इंग्रजी संभाषण करता आलं पाहिजे.

"संभाषण म्हंजी?" मामंजींनी विचारलं.

"इंग्रजीत गप्पा मारायच्या," मी स्वयंपाकघरातून म्हणाले.

मामंजींनी आपल्या धाकट्या मुलाकडे पाहिलं. हे दाराशी विळ्याला धार लावत बसले होते. मराठीतही ज्याने कधी गप्पा मारल्या नाहीत, असा हा माणूस! सकाळी "येतो" आणि संध्याकाळी "आलो", एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. पण मामंजी हरणारे नव्हते. "सूनबाई, तू शिकीव त्याला. तू शाळा शिकलीयास."

हे मात्र खरं होतं. माझं माहेर सूसचं. मामाकडे पुण्याला राहून मी मॅट्रिकपर्यंत शिकले होते. मॅट्रिकला नापास झाले होते. (कोणत्या विषयात, ते माहेरच्यांनी लग्न जमवताना सांगितलं नव्हतं. इंग्रजीत!) तरी गावात माझ्याइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे माझी चूक काढणार कोण?

मामाकडून एक जुनं पुस्तक मागवलं. इंग्रजी शिकणाऱ्यांनी एकमेकांशी कशावर बोलावं, याचे त्यात धडे होते. सगळे विषय आधुनिक जीवनाचे. लिफ्ट, टेलिफोन, रेफ्रिजरेटर, शहरातली गर्दी, घरकामाची यंत्रं. मी यातलं अर्धं चित्रातच पाहिलं होतं, पण तोंडावर तसं दिसू दिलं नाही.

आता खरी अडचण. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं कसं? त्या काळी आमच्यात तसं चालत नसे. "जेवायला या" हेसुद्धा मी मांजराला सांगायचे आणि ते ऐकून हे उठायचे! मांजराला उद्देशून इंग्रजी शिकवणं जमेना. मग मामंजींनीच तोड काढली.

"तू दाराआडून मला सांग. मी किसनाला सांगतो."

मामंजी गावच्या भजनी मंडळींचे बुवा होते. मंडळी दिवेलागणीनंतर आमच्याच ओट्यावर जमायची. पहिल्या दिवशी मी दाराआडून म्हणाले, "डू यू लाइक मॉडर्न लाइफ?" मामंजींनी खड्या आवाजात तेच म्हटलं. आता बुवांनी एक ओळ म्हटली की मागच्यांनी ती धरायची, हे मंडळींच्या हाडात मुरलेलं. सगळ्या ओट्याने एका सुरात विचारलं, "डू यू लाइक मॉडर्न लाइफ?" आणि धोंडिबाने मृदंगावर थाप दिली.

हे शांतपणे सगळ्यांचं होऊ देत. थाप पडली की मगच तोंड उघडत.

"व्हेरी गुड, सर."

"व्हेरी गुड, सर!" मंडळींनी उचललं.

मला वाटलं, वा! पाठांतराला ह्याहून चांगली रीत नाही. (माझ्या हुशारीचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.)

धडे चालू झाले तशी पंचाईत वाढत गेली. एका धड्यात प्रश्न होता, लेझरमध्ये, म्हणजे फावल्या वेळात, तुम्ही काय करता? मी अर्थ सांगितला, "कामं संपल्यावर जो वेळ उरतो, तो."

"कामं संपल्यावर?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जात्यापासून म्हणाल्या. "कुणाची संपली?"

मंडळींनी एकेक काम बोटांवर मोजलं. शेवटी मामंजी म्हणाले, "आपुन भजन करतो, त्योच आपला फावला येळ."

धोंडिबा भडकला. "भजन फावल्या येळाचं हाय व्हय? देवाचं काम हाय त्ये!"

त्यावर वाद इतका पेटला की ह्यांनी उठून बैलाला वैरण टाकली, परत येऊन बसले, तरी वाद चालूच. अखेर गावात फावला वेळ नाही असं सर्वानुमते ठरलं आणि उत्तर पाठ झालं : "नो लेझर, सर!"

पुढचा प्रश्न : तुमच्या घरात श्रम वाचवणारं सर्वांत उपयोगी यंत्र कोणतं?

"सूनबाई!" आत्याबाई म्हणाल्या. विचारसुद्धा केला नाही. ओट्यावर हशा पिकला आणि दाराआड यंत्र लाजून लाल झालं.

एक प्रश्न मात्र अजून आठवतो. विजेशिवाय जीवनाची कल्पना करता येईल का? मी तो कंदिलाची काच पुसता पुसता वाचला आणि अर्थ सांगून गेले. मामंजींनी तळ्याकडे बोट दाखवलं.

"हितनंच गेलीया ती," ते म्हणाले. "आमची खाचरं घिऊन गेली."

तो प्रश्न मंडळींनी धरला नाही. मीही पान उलटलं.

मुलाखतीचा दिवस आला. आता साधी गोष्ट, मुलाखत एकाची, तर एकाने जावं. पण आमच्या गावात बैल बघायलाही कुणी एकटं जात नाही. मामंजी निघाले. मामंजी निघाले म्हणून मंडळी निघाली. दुपारच्या जेवणाचं कसं, म्हणून आत्याबाई निघाल्या आणि त्यांनी भाकरीचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं. धोंडिबाने मृदंग घ्यायला हात घातला होता, तेव्हा मात्र मामंजी ओरडले, "मुलाखत हाय, सप्ता न्हाई!"

बंगल्यावर साहेब पडवीत वेताच्या खुर्चीत बसले होते. साहेब मुंबईचे, चष्मेवाले, चेहऱ्याने दमलेले. मंडळी पायऱ्यांखाली बसली. आत्याबाईंना आणि मला खानसाम्याने स्वयंपाकघरात जागा दिली. त्याचं दार पडवीतच उघडत होतं. दाराच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

आधी पौडचा एक मॅट्रिक पास मुलगा आत गेला. तो इंग्रजीत जे सुरू झाला ते साहेबांचा चहा गार होईपर्यंत. त्याच्यामागून पलटणीतून आलेला एक गडी. प्रत्येक वाक्याला टाच आपटून सलाम! साहेबांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. ह्यांच्याहून शंभरपट बरं बोलणारी माणसं होती ती.

मग हे उभे राहिले. धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. साहेब कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "वेल, डू यू लाइक मॉडर्न लाइफ?"

देवच पावला! पहिलाच धडा! मी आनंदाने आत्याबाईंचा हात दाबला.

पण हे गप्प.

साहेबांनी मान वर केली. हे गप्पच. चेहरा अगदी निवांत. आणि माझ्या लक्षात आलं, हे वाट बघताहेत! अजून मामंजींचं झालं नाही, मंडळींचं झालं नाही, थाप पडली नाही, तर बोलायचं कसं?

पायऱ्यांखाली मामंजींनाही पोराची अडचण कळली. बाप तो बाप. खड्या आवाजात त्यांनी म्हटलं, "डू यू लाइक मॉडर्न लाइफ?"

"डू यू लाइक मॉडर्न लाइफ?" मंडळींनी सगळं तळं दणाणून सोडलं. मृदंग नव्हता म्हणून धोंडिबाने साहेबांच्या पाण्याच्या रिकाम्या पिंपावर थाप मारली.

"व्हेरी गुड, सर," हे म्हणाले.

"व्हेरी गुड, सर!"

साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "हू आर दीज पीपल?"

हा प्रश्न धड्यात नव्हता. पण मंडळी काय घाबरतात! "हू आर दीज पीपल?" धोंडिबाची थाप.

"स्टॉप इट!"

"स्टॉप इट!" पिंपावर दुहेरी थाप. पाठीमागच्या एकाने तर सुंदर वरचा सूर लावला.

साहेब खुर्चीतून उठले. आता इथे तरी मी गप्प बसायचं होतं. पण ओट्यावरची सवय! ह्यांनी नजर दाराकडे वळवली, म्हणजे पुढचा प्रश्न माझा. आणि माझं तोंड माझ्याआधी उघडलं. दाराआडून मी स्पष्ट, खणखणीत म्हणाले, "व्हॉट डू यू डू इन युअर लेझर?"

मामंजी म्हणाले. मंडळी म्हणाली. पिंप वाजलं. ह्यांनी छाती काढून सांगितलं, "नो लेझर, सर!"

साहेब सरळ दाराकडे आले. मी पदर ओढून माठामागे बसले. आत्याबाई म्हणाल्या, "साहेब, ती हितं न्हाई." माझे पाय माठाच्या दोन्ही बाजूंनी दिसत होते.

मला रडूच फुटलं. दोन शब्द कमी शिकवले असते, सगळ्या गावाला ओट्यावरून उठवून लावलं असतं, मांजराला सांगून शिकवलं असतं, तरी चाललं असतं. आता हे मुंबईला जाणार, ते माझ्यामुळे. ओठ घट्ट दाबून मी माठाच्या गार अंगाला कपाळ लावलं आणि रडले.

पडवीत साहेब आता मराठीत बोलत होते. "तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"न्हाई, साहेब."

"मग मघाशी मी विचारल्यावर नुसते उभे का राहिलात?"

ह्यांनी जरा विचार केला. "समद्यांचं हुईस्तवर थांबावं लागतंय, साहेब. मधी बोललं तर मानसाचं ऱ्हाऊन जातं."

मी पदराने नाक पुसून फटीला डोळा लावला. साहेब ह्यांच्याकडे बघत होते, अगदी निरखून.

"आधीचा माणूस होता ना," ते म्हणाले, "त्याला फार छान इंग्रजी यायचं. पाहुणे इथे येतात ते मुंबईच्या बडबडीला कंटाळून. हा त्यांच्या उशाशी उभा राहून आपलं इंग्रजी सुधारून घ्यायचा. दोन पाहुणे मुक्काम सोडून पळाले. वरून पुन्हा तीच अट आली, इंग्रजी पाहिजे." त्यांनी चष्मा पुसला. "मला तर असा माणूस पाहिजे, जो समोरच्याचं पुरतं होईपर्यंत थांबतो. या सोमवारपासून."

हे म्हणाले, "व्हय." झालं, मुलाखत संपली.

मी माठामागून धडपडत उठले. आत्याबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग स्वतःच डोळे टिपले. त्यांचा एक मुलगा तरी जवळ राहणार होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आंब्याकडे बघणारी आमच्या घरात जाऊबाई एकटीच नव्हती.

बाहेर साहेबांना कौतुक आवरेना. "इतकं मुकाट ऐकून घ्यायची सवय लावली कुणी?"

मामंजींनी हात जोडले. "सूनबाईची किरपा, साहेब! ती बोलाया लागली का आमच्या घरात कुनालाच वाव ऱ्हात न्हाई."

"कुनालाच वाव ऱ्हात न्हाई!" मंडळींनी धरलं. धोंडिबाने पिंपावर शेवटची थाप दिली, आणि ह्या वेळी साहेबही हसत सुटले.

हे त्या बंगल्यावर म्हातारे होईपर्यंत राहिले. देशोदेशीचे पाहुणे त्यांना नावाने ओळखायचे. मात्र इंग्रजी शेवटपर्यंत दोन वाक्यांपुढे गेलं नाही. पहिल्याच सोमवारी संध्याकाळी घरी आले, तेव्हा सासू-सासरे ओट्यावर होते. मी परसात गाठून विचारलं, "अहो, काय काय झालं आज? समदं सांगा की मला. पाहुणे कोण होते? काय बोलले? रेफ्रिजरेटर हाय का तितं? कसा दिसतो? आत हात घातला तर चावतो व्हय गारठा?"

हे पायावर पाणी घेत शांतपणे म्हणाले, "तुझं हुंदे आधी."

ह्याला आता पस्तीस-चाळीस वर्षं होत आली. माझं अजून व्हायचंय!