नाल्यापलीकडची नावं

त्या मंगळवारी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढून झाली होती आणि मी हात धूत होते, तेव्हा नाल्यापलीकडून पत्रा फाटल्याचा आवाज आला. घरं पाडायची नोटीस लागली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे नोटिसा दर दोन-चार वर्षांनी लागतात आणि उन्हापावसात भिंतीवरच विरून जातात. यावेळी जेसीबी आला.

मी मदतनीस बाईंना आतून कडी लावायला सांगितलं आणि पुलावर धावले. नाल्याच्या काठाला वीस-पंचवीस घरं होती. बाया हाताला लागेल ते बाहेर फेकत होत्या. गादी, कुकर, शिलाई मशीन. एक म्हातारा दाराची चौकट सोडत नव्हता. कोपऱ्यातल्या घरातली विधवा बाई त्याच्या घरात शिरली आणि त्याच्या औषधांची पिशवी घेऊन बाहेर आली. तोवर तिचं स्वतःचं घर अर्धं पडलं होतं.

"तुझं सामान काढ ना वं!" मी पुलावरून ओरडले.

तिनं ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

दिवस थंडीचे होते. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष किल्ली घेऊन आले. रेल्वेतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी सभा बोलावली नाही, कुणाला विचारलं नाही. दार उघडून म्हणाले, "आत या. चपला तेवढ्या बाहेर काढा." त्या रात्री गल्लीतल्या घराघरातून पोळ्या गेल्या, चादरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू झाली. नळावर एक शेजारीण मला म्हणाली, "यांच्यापायी आपल्यावरही नोटीस लागन, पाहजा." तिचं चुकत होतं असंही नाही. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांचे कागद तरी कुठे पक्के होते?

मग महापालिकेच्या कार्यालयातून एक अधिकारी आले. विहाराच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, की जुन्या रहिवाशांना पर्यायी घरं मिळतील, पण इथे कधीपासून राहता त्याचा पुरावा पाहिजे. आठ दिवसांत. पुरावे पत्र्याच्या पेट्यांत होते आणि पेट्या ढिगाऱ्याखाली.

तेव्हा मला माझी सर्व्हे रजिस्टरं आठवली. अंगणवाडी सेविका दरवर्षी घरोघर फिरते. कुटुंबात माणसं किती, गरोदर कोण, मूल कधी जन्मलं, सगळं लिहिते. माझ्या सोळा वर्षांच्या वह्या लोखंडी पेटीत होत्या.

मी सुपरवायझर मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, "ते ऑफिसचं रेकॉर्ड आहे. परवानगीशिवाय बाहेर गेलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." परवानगी मागितली, तर म्हणाल्या, वरून यावी लागेल, महिना तरी जाईल. घरी नवरा म्हणाला, "नोकरी गेली तं काय करशीन?" दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं घरी गेल्यावर मी पेटी उघडली.

अध्यक्ष चष्मा लावून यादी वाचत, मी वह्या चाळत होते. एकेक कुटुंब सापडत गेलं. ज्या म्हाताऱ्याला चौकटीवरून उचललं होतं, त्याची मेलेली सूनही जुन्या वहीत सापडली, तेव्हा सात महिन्यांची गरोदर. सगळे सापडले. एक सोडून. ती विधवा बाई दोनच वर्षांपूर्वी आलेली, आणि घर मिळायला ठरलेली कट-ऑफ तारीख त्याच्या कितीतरी आधीची.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीत आली. तिची चार वर्षांची पोरगी तिच्या पदराला धरून होती.

"ताई, एक ओळ लिहून द्या ना. जुन्या वहीत पानावर खाली जागा आहे. अक्षर तुमचंच आहे, कोणाले समजन?"

जागा खरंच होती. पेन माझ्या हातात होता.

"मले नाही लिहिता येत वं."

"काहून?"

"एक ओळ खोटी निघाली तं बाकीच्यांच्या खऱ्या ओळी कोण मानन?"

तिनं पोरीला पुढे ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे माही पोरगी खोटी आहे काय, ताई?"

ती गेली. मी दार लावून घेतलं आणि त्या रिकाम्या जागेवर उभी रेघ मारली, माझाच हात वळू नये म्हणून.

पुराव्यांच्या सुनावणीला सगळी वस्ती गेली. नळावरची ती शेजारीणही साक्षीची सही करायला आली होती. आमची पाळी येईपर्यंत वह्या मी कुणाच्या हाती दिल्या नाहीत, मांडीवर घेऊन बसले. अधिकारी एकेक पान उजेडाकडे धरून पाहत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ही शाई वेगळी कशी?"

मी पानावर वाकून पाहिलं. "पेन संपला असेल, साहेब."

"असेल?"

तेवढ्यात ज्या बाईची ती ओळ होती तिनं पिशवीतून मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढलं. गादीच्या खोळीत ठेवलं होतं म्हणून ते वाचलं होतं. साहेबांनी दोन्हीकडच्या जन्मतारखा दोनदा ताडून पाहिल्या. मग पान उलटलं.

कार्डावरची तारीख जुळली नसती तर काय झालं असतं, आणि त्याच वहीत मी ती खोटी ओळ घातली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी बसल्या बसल्याच केला. बरोबर वागले, हे मला तिथेच कळलं. त्यानं बरं वाटलं नाही.

बाकीच्यांना घरं मिळाली, शहराच्या पार टोकाला, जिथून कामावर यायला दोन बस बदलाव्या लागतात. दोन कुटुंबं तर परत येऊन आमच्याच गल्लीत भाड्यानं राहतात. वह्या बाहेर नेल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली. मी लेखी उत्तर दिलं. पुढे काही झालं नाही, पण ऑफिसचा नंबर फोनवर दिसला की अजून लगेच उचलवत नाही.

त्या बाईला अध्यक्षांनी विहाराच्या मागची खोली दिली. गल्लीतल्या बायांनी तिला कामं बघून दिली. चार महिने ती तिथे राहिली. येता-जाता आम्ही समोर यायचो, ती मान खाली घालून जायची. मग नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत तिच्या बहिणीनं तिला काम लावून दिलं. मी एसटी स्टँडवर गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. तिनं पोरीला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पलीकडच्या सीटवर बसली. पोरीनं हात हलवला. मीही हलवला.

मध्ये तिचा फोन आला होता. पोरगी शाळेत जाऊन राहिली, म्हणाली. फोन अध्यक्षांना केला होता, मला नाही.