‘शिरोळ सकाळ’ नावाचं फोल्डर

आमचा कॉम्प्युटर क्लास एस.टी. स्टँडजवळ होता. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथं शिकवायला लागले तेव्हा माझंच शिक्षण नुकतं संपलेलं. समोर बसणाऱ्यांत काही जण माझ्याच वयाचे होते. ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे. ‘ए शिरोळ, स्क्रीनकडं बघ.’ ‘मुडशिंगी, माऊस हाय तो, दगड न्हाय, आपटतोस काय?’ पोरं हसायची. सगळी बाहेरगावची, एस.टी.नं येणारी. त्यामुळं बॅचसुद्धा एस.टी.वर ठरायच्या. शिरोळची गाडी आली की सकाळची बॅच, वडगावची आली की दुपारची.

सगळी मशीन एकाच लांब काळ्या वायरीवर ओवलेली होती. वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण. झाडताना केरसुणीचा धक्का लागून टोपण निघालं की अख्खी रांग मुकी व्हायची आणि मी टेबलाखाली शिरायचे. शिकवायला मात्र ते बरं होतं. वायर हातात धरूनच सांगायचे, ‘हे नेटवर्क. ह्या वायरीवरनं मशीन एकमेकांशी बोलतात. आणि कोपऱ्यातलं मोठं मशीन म्हणजे सर्व्हर. तुमच्या सगळ्यांच्या फायली तिथं.’

फायलींना पोरं काहीही नावं द्यायची. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’. आज केलेलं उद्या सापडायचं नाही. म्हणून मी सर्व्हरवर बॅचप्रमाणं फोल्डर करून दिली होती, एस.टी.च्याच नावानं : ‘शिरोळ सकाळ’, ‘वडगाव दुपार’. त्याच्या आत ज्याचं त्याचं नाव. क्लासच्या मालकांना, आम्ही त्यांना सर म्हणायचो, ही मांडणी फार आवडली. आल्या-गेल्याला दाखवायचे. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग शिरोळची सकाळची गाडी बंद झाली. तिथली पोरं दुपारी यायला लागली. मी ‘शिरोळ दुपार’ असं नवं फोल्डर केलं, आपापल्या फायली हलवा म्हणून सांगितलं, आणि कुणी हलवल्या, कुणी नाही, ते बघितलंच नाही.

प्रोजेक्टची परीक्षा तोंडावर आली आणि सर्व्हरची डिस्क भरली. कुणाचंच काम सेव्ह होईना. पोरं ओरडायला लागली. मी माझ्या मशीनवर बसून सर्व्हर उघडला, जुनं काय काय ते शोधलं. ‘शिरोळ सकाळ’. गाडीच नाही तर बॅच कुठली? उडवलं. आत उघडून बघायचंही सुचलं नाही. लागलंच तर रिसायकल बिनमधनं परत काढू, असं डोक्यात होतं.

ते तिथं नसतं. आपल्या मशीनवरची फाइल उडवली तर बिनमध्ये जाते. नेटवर्कवरनं दुसऱ्या मशीनवरची उडवली तर थेट जाते. हे मला वाचून माहीत होतं, शिकवलंही होतं. हात मात्र सवयीनं चालला.

दुसऱ्या दिवशी शिरोळची मुलगी आली. अख्ख्या वर्गात तिचं काम सगळ्यात चांगलं. गावातल्या ऊसतोडीच्या पाळीचा प्रोग्राम केला होता तिनं : कुणाच्या उसाची लागण कधीची, कुणाचा तोडीचा नंबर कधी. ती स्क्रीनपुढं बसली, आणि उठलीच.

‘मॅडम, माझं फोल्डर गेलं.’

‘तू हलवलं नव्हतंस?’

‘आज हलवणारच हुते की. काल हितंच हुतं.’

मी बिन उघडलं. रिकामं. पुन्हा उघडलं. तेवढ्यात सर आत आले. मागनं मुडशिंगीचा म्हणाला, ‘व्हायरस असंल सर. वडगावनं फ्लॉपी घातलीती काल.’

वडगावचा पोरगा, म्हणजे तसा माझ्याच वयाचा. घरचं पंपदुरुस्तीचं काम. वडलांच्या हाताखाली काम करून दुपारी क्लासला यायचा. हिरोगिरी नाही, बडबड नाही. त्यानं कुठनं तरी मराठी अक्षरांचा फाँट मिळवला होता. शिरोळच्या मुलीला शेतकऱ्यांची नावं मराठीत हवी होती, म्हणून तो तिच्यासाठी आणला होता. बाहेरची फ्लॉपी मला विचारल्याशिवाय घालायची नाही असा नियम होता आणि त्यानं तो पाळला होता. फ्लॉपी मी स्वतः तपासली होती. साफ होती. फाँटही मीच चढवला होता.

तो उभा राहिला. ‘सर, मॅडमना इचारा. त्यांनीच तपासलीय.’

सगळे माझ्याकडं वळले. शिरोळची मुलगीसुद्धा.

मी म्हटलं, ‘तपासली होती. पण प्रत्येक व्हायरस सापडतोच असं नाही.’

वाक्य खरं होतं. कुठल्याही पुस्तकात मिळेल. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेली नाही.

सरांनी त्याला तिथंच सांगितलं, ‘उद्यापासनं यायचं न्हाय.’ त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकून वायरीचं टोपण घट्ट करायला लागले. ते घट्टच होतं. दारातनं तो त्या मुलीला म्हणाला, ‘मी काय केलेलं न्हाय, खरंच.’ तिनं तोंड फिरवलं.

तिनं घरी लिहून ठेवलेल्या कागदांवरनं पुन्हा सगळं बसवलं, परीक्षा दिली, पास झाली. त्याची परीक्षा बुडाली. आज सांगू, परीक्षा झाली की सांगू, असं मी म्हणत राहिले. नोकरी जाईल ही भीती होती. नोकरी तशीही वर्षभरात मी सोडली. मग लग्न, मग एका कॉलेजात तासिकेवर शिकवणं. सांगायचं राहिलं, असं मी स्वतःशी म्हणायचे. जणू बाजारातनं काही आणायचं राहावं तसं.

आणि एक गोष्ट व्हायला लागली. फायलींचा धडा शिकवताना नेटवर्कवरचं डिलीट आलं की जीभ अडायची. मी ते गाळायला लागले. बिन शिकवायचे, फोल्डर शिकवायचे, नावं कशी द्यायची ते शिकवायचे, आणि ते एक वाक्य सोडून पुढं जायचे. वर्षानुवर्षं.

मग कॉलेजातल्या एका मुलीनं तेच केलं. मैत्रिणीचं सबमिशन नेटवर्कवरनं उडवलं आणि बिन उघडून बसली. माझ्याकडं आली, डोळे भरलेले. ‘मॅडम, बिनमध्ये असतंय असं तुम्ही सांगितलंतं की! नसतंय ते कुठं सांगितलंत?’

त्या रविवारी मी वडगावची एस.टी. धरली. त्याचं दुकान लगेच सापडलं, पंप आणि मोटारी बांधायचं. तो तांब्याची तार गुंडाळत होता. मला ओळखलं. ‘या मॅडम. बसा. चा सांगू?’

मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. तो तार गुंडाळतच होता. माझं संपल्यावर म्हणाला, ‘ह्ये मला कशाला सांगताय?’

‘म्हणजे?’

‘मी केलं न्हाय, ह्ये मला म्हाईतच हाय की. त्यात नवीन काय? तिला म्हाईत न्हाय. सरांना न्हाय. ज्यांनी खरं मानलं त्यांच्याकडं जावा की. माझ्याकडं आलाय ते मी गप बसतो म्हणून.’

चहा आला. पिऊन मी उठले. निघताना त्यानं एवढंच विचारलं, ‘सांगणार हाय न्हवं?’

सर वारले होते. शिरोळची मुलगी गावातच शाळेत शिकवते, असं मुडशिंगीच्यानं सांगितलं. त्यालाही मी खरं काय ते सांगितलं. तो कितीतरी वेळ नुसता ‘आयला’ म्हणत राहिला.

शिरोळला तिच्या घरी गेले. ओसरीवर ट्रॅक्टरचं टायर पडलेलं, आत कुकरच्या शिट्ट्या. तिनं पाणी दिलं. मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या हातातल्या फुलपात्राकडं बघत होती.

‘मग फाँटचं काय?’ तिनं विचारलं.

‘फाँटमध्ये काही नव्हतं. फ्लॉपी साफ होती. मी उडवलं.’

‘माझ्यासाठनं आणलाता त्यानं,’ ती म्हणाली. ‘आणि मी परत कधी बोलले न्हाय. एकदा एस.टी.त समोर आला तर मी सीट बदलली.’

मला ती रागावेल असं वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली, कुकर उतरवला, परत आली.

‘त्याचं दुकान कुठं हाय आता?’

मी सांगितलं. वडगावच्या पेठेत शिरल्यावर उजवीकडं, मोटारी बांधायचं. ती पदर खोचून पायताण शोधायला लागली.