आखाजीला बंद पडणारा धंदा

नवं राज्य झालं तेव्हा आम्हा बुऱ्हाणपूरकरांना कळलं ते इतकंच, की आता कागद नागपूरला जाणार नाहीत, भोपाळला जातील. गावातल्या बुधवारा पेठेत एका दुकानाच्या माडीवर मी सरकारी वर्ग चालवत होते. बायकांना धुण्याचा साबण करायला शिकवायचं, थोडा हिशेब शिकवायचा, आणि शिकून झालं की त्यांनी आपापला धंदा उभा करायचा, अशी ती योजना. दोन तुकड्या शिकून गेल्या होत्या. तिसरी सुरू व्हायच्या आधी भोपाळहून नवे साहेब आले. शिकलेल्या बायकांपैकी निम्म्यांचा तरी स्वतःचा धंदा असेल तर वर्ग इथे राहील, नाहीतर दुसऱ्या गावाला जाईल, असं त्यांनी मला स्वच्छ सांगून टाकलं.

मी सासर सोडून भावाच्या घरी परतलेली बाई. घरी माझं पान म्हणजे एक जास्तीचं पान. त्या माडीवर मात्र मी ‘बाई’ होते, माझ्या शब्दाला वजन होतं. वर्ग गेला असता तर मी उपाशी मेले नसते, भावजय तितकी वाईट नव्हती. पण मग जगण्यात राम राहिला नसता, हे खरं.

माहिती गोळा करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. साहेबांनी प्रश्न ठरवून दिला होता: धंदा कुणाचा? मी म्हटलं, सोपं आहे. पहिल्या दिवशी नदी ओलांडून जैनाबादला गेले. तिथली एक सून माझ्या पहिल्या तुकडीतली. अभ्यासात बेताची, पण हात धीट. अंगणात फळ्यांवर साबणाच्या वड्या सुकत होत्या, ही ढीगभर. सासरे बाजेवर बसले होते. मी विचारलं, “काय गं, धंदा कुणाचा?”

तिने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “मामंजींचा.”

“अगं, साबण कोण करतं?”

“मी करते, बाई.”

“विकायला कोण पाठवतं?”

“मीच.”

“मग धंदा कुणाचा?”

“मामंजींचा ना, बाई.” सासरे आपले सुपारी कातरत होते.

मी चिडले. भीड भिकेची बहीण, असं तिला तिथल्या तिथे ऐकवलं. ती हसली फक्त. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. एकीने दिराचं नाव सांगितलं, एकीने नवऱ्याचं, एकीने तर कुळदैवताचं सांगितलं आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. कागदावर मालकाची सही लागायची, आता देवाची सही कुठून आणू? बहुतेकींच्या हाताला साबणाचा वास आणि धंदा मात्र एकीचाही नाही. खरं तर मला नवल वाटायला नको होतं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे ‘माझं’ म्हणणारी सून म्हणजे वेगळी चूल मागणारी सून. मी सासरी होते तेव्हा मीही म्हटलं नसतं.

साहेबांनी माझे कागद पाहिले. माणूस भला होता, ओरडला नाही. “एक भी नहीं, बहनजी?” एवढंच म्हणाले. मी त्यांना रीतिभाती सांगायला लागले तर म्हणाले, वर जे जाईल ते आकड्यात जाईल, रीतीला रकाना नाही. आठवड्यानंतर ते परत जाणार होते. मी माडीचा जिना उतरले.

खाली किराणावाला. त्याच्याकडे आमच्या बायकांचाच साबण विकायला असायचा. एक गिऱ्हाईक साबण जास्त मागत होतं आणि तो सांगत होता, “घेऊन ठेवा, घेऊन ठेवा. आखाजी तोंडावर आली. सुना माहेरी गेल्या की ह्या साबणाचं काही खरं नसतं.”

मी तिथेच थांबले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, हा आमच्या भागातला वर्षाचा मोठा सण. मी बारा महिने माहेरी, म्हणून माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. सून गेली की बंद पडतो तो धंदा सुनेचा. ती गेली तरी चालतो तो दुसऱ्याचा. इतकं सरळ होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच घरं फिरले. ह्या खेपेला सुनांना विचारलंच नाही, घरातल्या मोठ्यांना विचारलं: आखाजीला सून माहेरी गेली की साबणाचं काय होतं? सुंठीवाचून खोकला गेला. जैनाबादचे सासरे तर भडाभडा बोलायला लागले. “काय व्हायचं, बाई? बंद! ठप्प! माल मागायला माणसं दारात येतात आणि आम्ही तोंड लपवतो. कितीचं गिऱ्हाईक तुटतं ह्या आखाजीपायी.” मी मुकाट्याने लिहून घेतलं. सून कढई घासत होती. तिचा हात थांबला होता, ते मला दिसलं.

निम्म्याहून बऱ्याच जास्त घरांत हेच उत्तर आलं. आणखी एक गोष्ट समजली, ती मी साहेबांनाही सांगितली. मला वाटायचं, वर्गात पहिल्या आलेल्या बायका पुढे जातील. त्या पहिल्या दोघींनी केव्हाच हात टेकले होते. जिथे धंदा चालला होता तिथे बहुतेक घरी सासूने भाकरीचं काम आपल्याकडे घेतलं होतं. साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि म्हणाले, सासूला शिकवायचा वर्ग आपल्याकडे नाही. पण आकडा त्यांना पटला. वर्ग बुधवाऱ्यातच राहिला. त्या रात्री मी भावजयीला शिरा करायला लावला आणि दोनदा वाढून घेतला.

आखाजीच्या दिवशी ही बातमी सांगायला मी जैनाबादला गेले. म्हटलं, निदान सासूच्या कानावर तरी घालू, सून तर माहेरी असेल. तर सून अंगणातच, कढईवर. चूल पेटलेली. माहेराहून न्यायला आलेला भाऊ ओट्यावर पाहुण्यासारखा बसला होता.

“यंदा नाही पाठवत,” सासरे म्हणाले. “बाई, तुम्ही विचारलंत तेव्हा आमच्या ध्यानात आलं, केवढी खोट बसते ती. पुढच्या साली पाहू.”

ज्या उत्तरावर माझी माडी वाचली, त्याच उत्तराने हिचं माहेर बंद झालं होतं. मी सासऱ्यांशी भांडायलाच उभी राहिले. सण वर्षाचा आहे, हिच्या लेकराची तिकडे आजी वाट पाहत असेल, असं काहीबाही बोलू लागले. ते मान हलवत होते, रागाने नाही, व्यवहाराने.

तेवढ्यात सुनेने चुलीतली लाकडं बाहेर ओढली. एकेकावर पाणी ओतलं. अंगणभर धूर झाला. मग पदर डोक्यावर नीट घेतला, सासऱ्यांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं माझ्याकडे बघून बोलली.

“बाई, मामंजींनीच तुम्हाला सांगितलं ना, मी गेले की धंदा बंद पडतो? मग तो कधी बंद ठेवायचा, ते पण मीच सांगते. चार दिवसांनी पेटवीन.”

सासूने आतून लेकराला आणून तिच्या कडेवर दिलं आणि उन्हाच्या आत पोचा म्हणाली. भाऊ गोंधळून उठला. तिघं निघून गेली.

सासरे बाजेवर बसून राहिले. ओरडावंसं त्यांना वाटलं असेल, तोंडही उघडलं होतं. पण ओरडून करणार काय? साबण त्यांना करता येत नव्हता.