आईच्या मापाचा ओटा

सकाळी साडेसातला भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलून तो थांबला. कोपरखैरण्याहून तळवलीला रिक्षानं जाताना पंच्याऐंशी वर्षांचा, काठी घेतलेला माझा भाऊ मला आठवेचना. आठवत होता तो पंचविशीतला दादा, स्वयंपाकघराच्या मधोमध उकिडवा बसलेला, ओठांत खिळे धरलेला. त्याला जाऊन आता दीड महिना झाला, तरी डोळ्यांसमोर तोच येतो.

साठचं दशक होतं ते. नवी मुंबई हे नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. तळवली म्हणजे भातखाचरं, पलीकडे खाडी आणि ठाणे-बेलापूर रस्त्याला नुकते उभे राहू लागलेले कारखाने. त्यातल्याच एकात दादा मालाची खोकी ठोकायच्या कामाला लागला होता. मी दहा वर्षांची. त्या वर्षी आई खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. चार-पाच महिन्यांनी ती उठली, पण पाय आखडला तो आखडलाच. जमिनीवर बसणं कायमचं संपलं, आणि आमची चूल तर जमिनीवर! रांधणं वहिनीकडे गेलं. वहिनी नवी सून, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ती काही विचारायला गेली की आई म्हणायची, "तुला वाटंल तसा कर." आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. लावणीच्या दिवसांत दहा माणसांना हाताखाली घेणारी ती बाई स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी खाटेवर बसून असायची. जेवणही तुटत चाललं होतं तिचं...

कारखान्याच्या ऑफिसात लोखंडी कपाटं आली, तेव्हा जुनी बुटकी सागवानी कपाटं अडगळीत गेली. दादानं साहेबाकडून त्यातली दोन मागून घेतली आणि बैलगाडीत घालून आणली. पाठीला पाठ लावून ती त्यानं स्वयंपाकघराच्या मधोमध उभी केली आणि वर शहाबादी फरशी बसवली. बाबा दारातूनच ओरडले, "अरं, मधी कशाला? भिंतीशी लाव! लोकं हसतील." दादानं ओठांतले खिळे काढले. "भिंतीशी लावला तर आईला एकच बाजू मिलंल. मधी असला म्हंजे कड धरून ती चारी बाजूंनी फिरंल. काठी नको." बाबा दारातून बाजूला झाले. लोक मात्र खरंच बघायला आले, आणि हसलेही. कपाटावर कोण रांधतं!

आई हसली नाही. ती चिडली. "मना पांगली ठरवलंस ना गावात?" एवढंच तिनं विचारलं. दादाचा चेहरा उतरला. फरशीवर रॉकेलचा नवा स्टोव्ह ठेवून तो कामावर निघून गेला. आठ दिवस त्या ओट्याला कुणी हात लावला नाही. वहिनी खालच्या चुलीवरच रांधत राहिली.

नवव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर घरभर तांदळाच्या भाकरीचा वास. वहिनी विहिरीवर गेली होती. आई ओट्याशी उभी होती. डावा हात कडेला घट्ट, उजवा कोपरापर्यंत पिठात. कपाळावर घाम होता आणि डोळेही ओले होते, पण ते स्टोव्हच्या धुरानं, असं तिनं मला न विचारताच सांगितलं. "दादाला सांगू नको. बघूंदे त्याला."

दादा संध्याकाळी आला, जेवायला बसला. पहिला तुकडा मोडताच त्याला कळलं असणार. आईच्या भाकरीची कड वेगळी असायची. मान खाली घालून त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग विचारलं, "उंची बरी हाय का?"

"अर्धा बोट जास्त हाय," आई म्हणाली.

पुढच्या सुट्टीला शेजारच्या दोघांना बोलावून त्यानं फरशी उतरवली, कपाटं आडवी केली आणि आठही पाय अर्धं बोट कापले. कापण्याआधी आईला उभं करून तिचं कोपर मापलं. त्यावर आई पुढची बावीस वर्षं रांधत होती. वहिनी समोरच्या बाजूला मासे साफ करायची आणि दोघी बोलत असायच्या. त्या दोघींचं खरं नातं त्या फरशीवरच जमलं, असं मला नेहमी वाटतं.

जुनं घर पाडून पक्कं बांधलं, तेव्हा भिंतीला ग्रॅनाइटचा ओटा आला, तरी ही कपाटं दादानं मधोमध ठेवलीच. आई गेल्यावर मात्र एक दिवस त्यानं सगळ्या पायांखाली सागाचे ठोकळे घातले. वहिनी उंच. इतकी वर्षं ती त्यावर वाकून काम करत होती आणि कधी बोलली नव्हती. "तुला कोन बोलला?" तिनं विचारलं. "तुझी पाठ," दादा म्हणाला.

हे वहिनीनंच मला परवा सांगितलं. मी भेटायला गेले होते. ती आता ऐंशीची, पाठीतून वाकलेली. बोलता बोलता तिनं मुलाला हाक मारली आणि ओट्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "ते ठोकले कार रे खालचे."

भाचा गोंधळला. "आई, बाबांनी घातलेत ते. असू दे ना."

"त्यानीच घातले म्हनून सांगते. माप बदलला की तो काय गप बसला असता?"

भाच्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी फरशी उचलली, ठोकळे काढले. वहिनी पुढे झाली. कडेवर तळवे टेकले, कोपरं सैल सोडली. मग तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि कड धरून, सावकाश, साखरेच्या डब्याकडे पलीकडे गेली.