नावावरची रेघ

माझ्या आईनं वडिलांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. त्यांना ती 'अहो' म्हणायची, आमच्याशी बोलताना 'तुझे बाबा', आणि रेशनच्या दुकानात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढं ढकलायची. तिच्या सासऱ्यांच्या नावात एका वाराचं नाव होतं, म्हणून तो वारही वर्ज्य. त्याला ती 'बाजाराचा दुसरा दिवस' म्हणायची, आणि तिच्या नादानं आमची अर्धी गल्ली तसंच म्हणायला लागली होती. मला भयंकर राग यायचा. मी नाशिकच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला इतिहास शिकत होते, त्यामुळं शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीत बालवाडी निघायची होती आणि तिथं मदतनीस हवी होती. अट एकच. कचेरीतल्या साहेबांसमोर स्वतःचं पूर्ण नाव लिहून दाखवायचं, अंगठा चालणार नाही. आई वणीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण ती जागा तिला हवी म्हणजे हवीच होती. "जल्मात एक तरी काम माझं म्हणून करू दे," म्हणायची. दुपारच्या बायकांच्या वर्गाला जाऊन तीन आठवड्यांत ती आपलं नाव आणि आडनाव झोकात लिहायला लागली. मधली जागा मात्र कोरी.

"अगं, तोंडानं घ्यायचं नाहीये, नुसतं लिहायचंय!" मी ओरडले.

"हातानं घेतलं काय आन् तोंडानं घेतलं काय, घेतलंच ना?"

कप्पाळ माझं! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग कॉलेजच्या पुस्तकात चीनच्या सम्राटांबद्दल वाचलं आणि तिला टोमणा मारायला म्हणून चुलीपाशी जाऊन बसले. सांगितलं, तिथं सम्राटाचं खरं नाव कुणी उच्चारायचं नाही की लिहायचं नाही. त्याच्या नावातलं अक्षर एखाद्या गावाच्या नावात असलं तर गावाचंच नाव बदलायचं. परीक्षेत कुणी चुकून लिहिलं तर तो नापास. आणि आपण त्यांना ज्या नावांनी ओळखतो, त्यातली कितीतरी ते मेल्यावर ठेवलेली.

"अगं बया! म्हंजी समदं राज्यच त्याची सून!" आई भाकरी थापता थापता खदखदून हसली. मग तिचा हात थांबला. "पर लिहायची येळ आलीच तर काय करायची ती लोकं?"

"एक रेघ कमी द्यायचे. अक्षर तर कळायचं, पण नाव पुरं लिहिलं असं व्हायचं नाही."

तिनं हात धुतले, पाटी घेतली आणि तिन्ही नावं लिहून काढली. आपल्या नावावर आणि आडनावावर डोक्यावरची रेघ दिली, मधलं तसंच सोडलं. तिच्या हातचं बाबांचं नाव मी पहिल्यांदाच बघत होते. मला एकदम गलबलून आलं, आणि त्या भरात मी म्हणाले, "हे चालेल." ही अक्कल माझी, बरं का.

नेमल्या दिवशी बाबा वखारीतून अर्धी सुट्टी काढून आले आणि कचेरीच्या दारातच थांबले. आईनं कागदावर नाव लिहिलं. साहेबांनी तो उचलून पाहिला.

"मधल्या नावावर रेघ कुठंय?"

आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"बाई, एवढं नाव पुरं लिहिता येत नाही, तर पोरं काय सांभाळणार? पूर्ण करा, नाहीतर पुढच्या बाईला बसू द्या."

आईनं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. तिचे डोळे भरून आले. ती रेघ तिच्यानं होणार नव्हती, आणि एवढ्यावरून जागा हातची चालली होती. माझ्यामुळं! मी पुढं सरसावून म्हणाले, "सर, चीनमध्ये..."

"कुठं?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात बाबा चपला काढून आत आले. "साहेब, येती तिला रेघ. माझं नाव ती पुरं घेत नाय, मान राखती. तिचं तिनं लिवलं. मधलं माझं हाय, त्याची रेघ मी देतो."

आणि साहेब हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं. ओंडके उचलणाऱ्या मुठीत ते घट्ट पकडलं. त्यांनी आईच्या नावापासून आडनावापर्यंत रेघ ओढून नेली. साहेबांनी कागद पुन्हा उचलून पाहिला. मग खाली सही करत म्हणाले, "सोमवारपासून या."

परतताना बाबा सायकल हातात धरून चालले होते, शेजारी आई, आणि मागून मी, रस्त्यातच डोळे पुसत. कोपऱ्यावर आईनं बाबांकडं वळून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, किती वाकडी काढली ती रेघ! माझ्या येवढ्या चांगल्या अक्षरावर!"

"शिकीव मंग," बाबा म्हणाले.